‘कोणीही दोषी नाही’ म्हटल्यावर जबाबदारी संपते का? सेनादलांच्या प्रमुखांना खुले पत्र

प्रति,
जगभरातील सेनादलांचे प्रमुख, संरक्षण मंत्री आणि लष्करी प्रशिक्षण संस्थांचे संचालक

विषय : लढाईत नागरिक मारले गेल्यानंतर सैनिकाची नैतिक जबाबदारी

महोदय, महोदया,

युद्धात नागरिक मारले गेल्यानंतर आपल्या मुख्यालयांतून जी निवेदने निघतात, ती मी नेमाने वाचत आलो आहे. देश बदलतो, शस्त्र बदलते, मृतांचा आकडा बदलतो. निवेदनाचा शेवट बदलत नाही. घटना दुर्दैवी होती, कार्यपद्धतीत त्रुटी आढळल्या, युद्धाच्या कायद्याचा भंग झाल्याचे दिसून आले नाही, सबब कोणावरही वैयक्तिक कारवाई प्रस्तावित नाही. २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये अमेरिकी ड्रोनने एका घराच्या आवारात थांबलेल्या मोटारीवर क्षेपणास्त्र डागले. दहशतवादी मारला गेल्याचे सुरुवातीला ठामपणे सांगण्यात आले. पुढे उघड झाले की मेलेल्या दहाही व्यक्ती नागरिक होत्या आणि त्यांपैकी सात मुले होती. हवाई दलाच्या महानिरीक्षकांच्या चौकशीत असेही निघाले की क्षेपणास्त्र सुटण्याच्या दोन मिनिटे आधीच्या चित्रणात एक मूल दिसत होते, मात्र मुद्दाम शोधणाऱ्यालाच सापडावे इतके अस्पष्ट. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संरक्षण मंत्रालयाने जाहीर केले की कोणालाही शिक्षा होणार नाही.

या निर्णयाची कायदेशीर बाजू भक्कम असेलही, आणि कोणाला तरी तुरुंगात धाडले असते तर माझे समाधान झाले असते असेही नाही. माझा आक्षेप निराळा आहे. ‘कोणी गुन्हा केला का?’ या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, की ‘यासाठी जबाबदार कोण?’ हा प्रश्नही त्याच फाइलबरोबर बंद केला जातो. पहिला प्रश्न न्यायाधीशाचा आहे. दुसरा प्रश्न मृतांच्या घरच्यांचा आहे, आणि आपल्याला पटो वा न पटो, ज्याने ट्रिगर दाबला त्या सैनिकाचाही आहे. तो परस्पर निकालात काढण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हे मला या पत्रातून विचारायचे आहे.

हे विचारणारा मी कोण, तेही सांगतो. मी तोफखान्यातला माणूस आहे. नोकरीची उमेदीची वर्षे तोफांपाशी गेली आणि उरलेली तरुण अधिकाऱ्यांना शिकवण्यात. तोफखान्याचे काम ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळा मुद्दा त्यातच आहे. पुढे एखाद्या टेकडीवर किंवा गच्चीवर निरीक्षक अधिकारी दुर्बिणीला डोळे लावून बसलेला असतो. तो वायरलेसवरून लक्ष्याचे ग्रिड, म्हणजे नकाशावरच्या ठिकाणाचे आकडे, देतो आणि दोन-चार शब्दांत वर्णन करतो. मागे कमांड पोस्टमध्ये एक जण त्या आकड्यांवरून तोफेची दिशा आणि कोन काढतो, दुसरा ते पडताळतो, वरिष्ठ अधिकारी मंजुरी देतो आणि तोफेवरची माणसे गोळा भरून डागतात. गोळा कित्येक किलोमीटर पलीकडे पडतो. डागणाऱ्याला तो पडताना दिसत नाही. उद्या विचारणा झालीच, तर निरीक्षक म्हणतो की जे दिसले ते मी कळवले. आकडे काढणारा म्हणतो की माझे गणित बरोबर होते. तोफेवरचा म्हणतो की मिळालेले आकडे मी जसेच्या तसे लावले. मंजुरी देणारा म्हणतो की मी हाती आलेल्या माहितीवर निर्णय घेतला. यातला एकही जण खोटे बोलत नसतो, आणि तरीही पलीकडे कोणाचे तरी घर पडलेले असते.

एका रात्री आम्ही एका वस्तीच्या कडेला असलेल्या लक्ष्यावर बराच वेळ मारा केला. उजाडल्यावर वायरलेसवर निरीक्षकाचा आवाज आला, की वस्तीतून लोक बाहेर पडत आहेत आणि काही जण चादरीत गुंडाळून काही तरी नेत आहेत. तिथे आमच्या गोळ्यांनी काय झाले, असे मी वरिष्ठांना विचारले. उत्तर मिळाले, “तो तुमचा विषय नाही. तुमचे आकडे बरोबर होते.” हे सांगणारा अधिकारी निर्दय नव्हता. आपण या तरुण अधिकाऱ्याला वाचवतो आहोत, अशीच त्याची समजूत होती. चादरीत काय होते हे मला आजतागायत कळलेले नाही, आणि ते विचारायला दारच ठेवलेले नसल्यामुळे यापुढेही कळणार नाही. माझे गाऱ्हाणे या घटनेपुरते असते तर हे पत्र लिहिले नसते. शिकवायला लागल्यावर हाच अनुभव वेगवेगळ्या शब्दांत सांगणारे इतके जण भेटले, की ही एका अधिकाऱ्याची लहर नसून संस्थेची रीत आहे, याविषयी शंका उरली नाही.

आता तक्रारी मांडतो.

पहिली तक्रार आपल्या अहवालांविषयी आहे. १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधील माय लाय येथे अमेरिकी सैनिकांनी शेकडो निःशस्त्र गावकऱ्यांना ठार मारले. अमेरिकी लष्कराच्या मोजणीनुसार मृतांचा आकडा ३४७ आहे, व्हिएतनामच्या स्मारकावर ५०४ आहे. त्या दिवशी वर गेलेला अहवाल मात्र असा होता : शत्रूचे १२८ जण ठार, तीन शस्त्रे हस्तगत. एकशे अठ्ठावीस मेलेले सैनिक आणि त्यांच्यापाशी मिळून तीन बंदुका, हा हिशेब वाचणाऱ्या एकाही अधिकाऱ्याला खटकू नये? तो खटकला नाही, कारण त्या रकान्यात मोठा आकडा येणे सगळ्यांनाच हवे होते. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचे ५० वे कलम सांगते की एखादी व्यक्ती नागरिक आहे की नाही याबद्दल संशय असेल, तर तिला नागरिक मानावे. आपल्या अहवालांत नेमके उलटे घडते. मेलेला माणूस शत्रूच असणार असे गृहीत धरले जाते आणि तो नागरिक होता हे सिद्ध करण्याचे काम त्याच्या विधवेवर येऊन पडते.

दुसरी तक्रार, जबाबदारीची वाटणी करून ती नाहीशी करण्याच्या आपल्या कौशल्याविषयी. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अफगाणिस्तानात कुंदूझ येथील ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेच्या रुग्णालयावर अमेरिकी विमानाने हल्ला केला आणि ४२ जण मारले गेले. रुग्णालयाचे ग्रिड आधीच कळवलेले होते. हल्ला चालू असताना रुग्णालयातून फोन जात होते. विमानातील लोकांना मारायची होती ती इमारत काही शे मीटर दूर होती. चौकशीअंती १६ जणांवर प्रशासकीय स्वरूपाची कारवाई झाली, फौजदारी खटला कोणावरच चालला नाही. कारण सांगण्यात आले की हेतू नव्हता. हेतू नसेल, हे मला मान्य आहे. पण त्याच प्रोटोकॉलचे ५७ वे कलम हेतूपाशी थांबत नाही. लक्ष्य लष्करी आहे याची शक्य तितकी सर्व खातरजमा करा, आणि ते तसे नसल्याचे दिसू लागताच हल्ला रद्द करा किंवा थांबवा, असे ते सांगते. यातल्या ‘शक्य तितकी’ या भागाचे उत्तर प्रत्येक साखळीत कोणा ना कोणाकडे असते. यंत्रणेतली प्रत्येक कडी आपापल्या पुरती निर्दोष ठरवून आपण अख्ख्या साखळीला निर्दोष ठरवता. आता तर लक्ष्य सुचवण्याचे काम संगणक प्रणालींवर सोपवण्याकडे कल आहे, म्हणजे पुढच्या चौकशीत ‘मी फक्त शिफारस मान्य केली’ असे म्हणणारा आणखी एक जण वाढेल.

तिसरी तक्रार मला सर्वांत जवळची आहे, कारण ती वर्गातली आहे. आज्ञापालन आपण वर्षानुवर्षे, रोज पहाटेपासून, हाडामांसात मुरेपर्यंत शिकवता. आज्ञा केव्हा मोडायची हे एखाद्या दुपारी, जेवणानंतर, पडद्यावर चित्रे दाखवून शिकवता. मी तो तास घेतलेला आहे. समोरची निम्मी मुले पेंगत असतात आणि उरलेल्यांना ठाऊक असते की परीक्षेत यावर दोन गुणांचा प्रश्न येतो. नाझी नेत्यांवरील न्यूरेंबर्ग खटल्यांनंतर संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने १९५० मध्ये जी तत्त्वे शब्दबद्ध केली, त्यांतील चौथे तत्त्व असे आहे, की वरिष्ठाच्या आज्ञेवरून कृती केली एवढ्यावरून माणूस जबाबदारीतून सुटत नाही, मात्र त्याला नैतिक निवड करणे प्रत्यक्षात शक्य असले पाहिजे. मुले हे पाठ करतात. प्रत्यक्ष मोक्यावर ही निवड दिसते कशी, हे त्यांना कोणी दाखवत नाही.

ती कशी दिसते याचे एक उदाहरण मी वर्गात देत असे. २९ ऑक्टोबर १९५६, इस्रायल-इजिप्त यांच्यातील सिनाई युद्धाचा पहिला दिवस. इस्रायलमधील अरब वस्तीच्या काही गावांत संचारबंदीची वेळ अचानक अलीकडे आणण्यात आली. त्यांपैकी कफर कासिम या गावचे बरेचसे लोक त्या वेळी शेतांवर आणि कामांवर होते. त्यांना हे कळण्याचा मार्गच नव्हता. संचारबंदी मोडणाऱ्यावर गोळी झाडण्याचा आदेश होता. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या माणसांना, बायकांना आणि मुलांना गावाच्या वेशीवर उतरवून गोळ्या घालण्यात आल्या आणि जवळपास ५० जण ठार झाले. आदेश आसपासच्या गावांसाठीही हाच होता. तिथल्या काही तुकड्यांच्या तरुण अधिकाऱ्यांनी तो अमलात आणला नाही. परतणाऱ्यांना त्यांनी घरी जाऊ दिले. आदेश तोच, सैन्य तेच, संध्याकाळ तीच. पुढे न्यायाधीश बेंजामिन हालेवी यांनी निकालात म्हटले की काही आज्ञा इतक्या उघडउघड बेकायदेशीर असतात, की त्यांवर जणू काळे निशाण फडकत असते आणि त्या पाळणे हाच गुन्हा ठरतो. हा निकाल जगभरच्या लष्करी कायद्यात गाजला, आणि तो गाजायलाच हवा होता. पण मला निकालापेक्षा त्या शेजारच्या गावांतले अधिकारी महत्त्वाचे वाटतात. त्यांच्यापाशी निकाल नव्हता, वकील नव्हता, विचार करायला रात्र नव्हती. त्यांनी समोरून येणाऱ्या माणसांकडे पाहिले आणि ठरवले. त्यांना हे कशामुळे जमले, याचा अभ्यास आपल्या किती प्रशिक्षण संस्थांत होतो?

ज्यांना जमले त्यांचे आपण काय करता, ही चौथी तक्रार. माय लायमध्ये ह्यू थॉम्पसन या वैमानिकाने आपले हेलिकॉप्टर गावकरी आणि स्वतःच्याच सैन्यातले सैनिक यांच्यामध्ये उतरवले आणि सैनिकांनी गावकऱ्यांवर गोळीबार केला तर त्यांच्यावर गोळी झाडा, असे आपल्या दोघा साथीदारांना सांगितले. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या सशस्त्र सेवा समितीच्या अध्यक्षांचे मत त्या काळी असे होते की या सगळ्या प्रकरणात शिक्षा व्हायची तर ती थॉम्पसनलाच व्हावी. त्याला त्या कृत्यासाठी सोल्जर्स मेडल मिळाले ते १९९८ मध्ये, तीस वर्षांनी. २०१० मध्ये अफगाणिस्तानात, नागरिकांचा जीव वाचावा म्हणून धोका पत्करून गोळी न झाडणाऱ्या सैनिकांसाठी पदक असावे, अशी कल्पना पुढे आली होती. तिची चेष्टा झाली आणि ती बारगळली.

पाचवी तक्रार थोडक्यात सांगता येते. शिक्षा झालीच तर ती उतरंडीच्या तळाशी होते. माय लायसाठी दोषी ठरला तो एकटा लेफ्टनंट कॅली, आणि त्यानेही जन्मठेपेतली जेमतेम साडेतीन वर्षे, तीही बहुतांशी नजरकैदेत काढली. कफर कासिम प्रकरणात ब्रिगेड कमांडरला झालेला दंड एका नाण्याचा होता. प्रोटोकॉलचे ८७ वे कलम हाताखालच्यांचे गुन्हे रोखण्याचे आणि ते वर कळवण्याचे काम कमांडरवर टाकते, आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापन करणाऱ्या १९९८ च्या रोम संविधीच्या २८ व्या कलमानुसार ते न करणारा कमांडर स्वतःही शिक्षेस पात्र ठरतो, याची आठवण आपल्याला करून द्यावी लागू नये.

आता शेवटची तक्रार, जिच्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहिले. ज्याच्या हातून नागरिक मेला त्या सैनिकाला आपण सांगता, “तुझी चूक नव्हती, विसरून जा.” आपल्याला ही माया वाटते. वस्तुतः या एका वाक्याने आपण त्याच्याकडून बरेच काही काढून घेता. त्याने नियम पाळले असतील, काळजी घेतली असेल, तरीही एक मूल त्याच्या गोळीने मेले आहे, हे तो जाणतो. आपण दोषी नाही हे मान्य करूनही ‘यात माझा हात होता’ असे म्हणण्याची त्याला गरज असते, आणि तसे म्हटले तर पुढे काही तरी करता येते. काय घडले ते नीट सांगता येते, मृतांच्या घरच्यांच्या प्रश्नांना उत्तर देता येते, पुढच्या वेळी तसे घडू नये म्हणून बोलता येते. आपण त्याला गप्प बसवता, म्हणजे जबाबदारी तेवढी त्याच्याकडे राहते आणि ती पार पाडण्याची वाट बंद होते. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर वर्षानुवर्षे उपचार करणाऱ्या जोनाथन शे या मनोविकारतज्ज्ञाने भीतीपोटी होणाऱ्या आघाताहून वेगळ्या अशा नैतिक जखमेविषयी मांडणी केली, त्यालाही आता तीन दशके होऊन गेली. अशा जखमेवर ‘विसरून जा’ हा उपाय नव्हे, हे आपल्याच रुग्णालयांतले डॉक्टर आपल्याला सांगू शकतील.

द्राझेन एर्देमोविच याचे प्रकरण या संदर्भात वाचण्याजोगे आहे. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातील स्रेब्रेनिट्साच्या बंदिवानांना गोळ्या घालणाऱ्या तुकडीत तो होता. आपण नकार दिला तेव्हा ‘मग त्यांच्याच रांगेत उभा राहा’ असे आपल्याला सांगण्यात आले, असे त्याचे म्हणणे होते. तो स्वतःहून बोलला आणि त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. १९९७ मध्ये युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या अपील पीठाने बहुमताने ठरवले की जिवाची धमकी असली तरी निरपराधांना मारण्याचे ते पूर्ण समर्थन होऊ शकत नाही, शिक्षा मात्र कमी होऊ शकते. अखेर त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. हा निकाल कठोर होता की बरोबर, यावर वर्गात दर वेळी वाद होई आणि माझे मत आजही पूर्ण पक्के नाही. पण त्याच्या बोलण्यामुळे एका हत्याकांडाचे ठिकाण आणि तपशील जगापुढे आले, हे निर्विवाद आहे. त्याच्या गुन्ह्याची आणि काबूलच्या हल्ल्याची बरोबरी मी करत नाही. एवढेच म्हणतो, की जिथे अपराध इतका उघड होता तिथेही सैनिकाच्या बोलण्याला मोल आले, मग जिथे अपराधच नाही असे आपण म्हणता, तिथे त्याचे तोंड का बंद करता?

आपले उत्तर मला ठाऊक आहे. शत्रू नागरिकांच्या आडोशाने लढतो, सैनिकाला निर्णयासाठी काही क्षण मिळतात, आणि ज्याच्या मनात चौकशीची धास्ती आहे तो कचरतो व मरतो. या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी ते हलके लेखत नाही. २००९ च्या जुलैमध्ये अफगाणिस्तानातील नाटो सैन्याच्या प्रमुखांनी वस्तीवरच्या हवाई हल्ल्यांवर निर्बंध घातले, तेव्हा आमचे हात बांधले अशी तक्रार जवानांनी केली, आणि ज्यांचे सोबती मदतीविना पडले असतील त्यांना ती करण्याचा हक्क आहे. परंतु शत्रूने नागरिकांची ढाल केली म्हणून आपली कर्तव्ये संपत नाहीत, हे प्रोटोकॉलच्या ५१ व्या कलमात स्पष्ट लिहिलेले आहे. शिवाय मी जी जबाबदारी मागतो आहे ती गोळीबाराच्या क्षणापेक्षा त्याच्या आधीच्या तयारीची आणि नंतरच्या सत्यकथनाची अधिक आहे. त्या दोन्ही ठिकाणी घाई नसते. धोका पत्करण्याचा पगार सैनिक घेतो, समोरच्या घरातले मूल घेत नाही. म्हणून धोक्याची वाटणी करताना थोडा जास्त वाटा गणवेशाकडे यावा, हे सैनिकी पेशाच्या प्रतिष्ठेतच बसते.

माझ्या मागण्या साध्या आहेत. ज्या हल्ल्यात नागरिक मेल्याचा वाजवी संशय असेल, त्याचा पूर्ण अहवाल गोपनीय तपशील वगळून ठरलेल्या मुदतीत जाहीर करावा, आणि हल्ल्यानंतरच्या प्रत्येक अहवालात नागरिकांच्या हानीचा रकाना भरणे सक्तीचे करावे. ‘माहीत नाही’ हेही उत्तर चालेल, कोरी जागा चालणार नाही. चौकशी त्याच कमांडच्या अधिकाऱ्यांकडे देऊ नये. फौजदारी दोष नसल्याचे ठरले तरी कोणत्या पातळीवर कोणती खबरदारी राहून गेली, हे पदनामासह नोंदवावे. हल्ल्यात सहभागी असलेल्या प्रत्येकाला, त्याने विचारल्यास, त्याच्या कृतीचे परिणाम कळवावेत, आणि जो स्वतःहून मृतांच्या कुटुंबाला भेटू किंवा लिहू इच्छितो त्याला शिस्तभंगाची भीती न घालता तशी सोय करून द्यावी. बेकायदेशीर आज्ञा नाकारण्याचे शिक्षण व्याख्यानाच्या तासातून काढून मैदानावरच्या सरावात आणावे. सरावात मुद्दाम एखादी चुकीची आज्ञा द्यावी आणि ती पाळणाऱ्याला नापास करावे. आज्ञा नाकारणाऱ्याचे किंवा गैरप्रकार कळवणाऱ्याचे प्रकरण त्याच्या थेट वरिष्ठाऐवजी स्वतंत्र विधी अधिकाऱ्याकडे जावे. मृतांच्या कुटुंबांना दिल्या जाणाऱ्या रकमेसोबत, काय घडले याचे लेखी निवेदन त्यांच्या भाषेत द्यावे.

यातील बहुतेक मागण्यांसाठी नवा कायदा किंवा नवा करार लागत नाही. आपल्या सहीचा एक आदेश पुरेसा आहे. कोणत्या मागण्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि नसतील तर का, याचे उत्तर आपण मला खासगीत न कळवता जाहीरपणे द्यावे, ही विनंती.

आपला,
तोफखान्यातील एक निवृत्त अधिकारी